पायातली लय

मी भित्रा माणूस आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे तबलजी म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यांपुढे झब्बा घातलेला, पान चघळत मान डोलावणारा एखादा मजेदार गडी उभा राहिला असेल तर त्याला लगेच खाली बसवता येईल. मी पालीला भितो. लिफ्टला भितो. दुसऱ्याच्या ऑपरेशनच्या गप्पा निघाल्या तरी मी उठून बाहेर जातो. बायको म्हणते, "तुम्हाला तबल्याऐवजी टाळ द्यायला हवे होते, निदान काहीतरी घट्ट धरून तरी बसला असता." पण ही सगळी चिल्लर भीती. खरी भीती थंडीबरोबर येते, आणि यंदा ती फोनवरून आली.

दिवाळी होऊन गेली होती. नगरला पहाटे ते कोरडं वारं सुटलं होतं, ज्यात ओठ फुटतात आणि तबला आपोआप चढतो. रात्री सुरात लावून झाकून ठेवावा, तर सकाळी स्वारी वरच्या सुरात जाऊन बसलेली. साखर कारखाने सुरू झाले होते. श्रीगोंद्याकडून येणाऱ्या एसट्या उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकून उशिरा पोचत होत्या, आणि माझ्या सावेडीतल्या क्लासच्या दारात पालकांच्या स्कूटरी दाटीवाटीने उभ्या राहायला लागल्या होत्या. हा आमचा संगीताच्या परीक्षांचा हंगाम. मी हातोडी घेऊन तबल्याचे लाकडी गठ्ठे ठोकत बसलो होतो, तेवढ्यात रोहिणीचा फोन आला.

"सर, मला प्रेसवर घेतलं!"

रोहिणी माझी विद्यार्थिनी. तिसगावजवळच्या एका वस्तीवरची, शेतकऱ्याची मुलगी. आठवीत असल्यापासून दर रविवारी एसटीने येऊन माझ्याकडे तबला शिकली, आणि या हंगामात विशारदच्या शेवटच्या परीक्षेला बसणारी. बी.ए. झाल्यावर नागापूरच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये लागली. इतके दिवस पॅकिंगला होती. प्रेस म्हणजे पॉवर प्रेस. पत्र्याचा तुकडा साच्यात ठेवायचा, हात काढायचा, पायाने पॅडल दाबायचं, की वरून लोखंडी साचा धाडकन खाली येतो आणि पत्र्याला आकार देऊन वर जातो. पुन्हा तुकडा, पुन्हा पॅडल. शिफ्ट संपेपर्यंत हेच.

"अरे वा," मी म्हणालो. आवाज माझा मलाच परका वाटला.

"पॅकिंगमध्ये लई कंटाळा यायचा सर. इथं कसं, हात चालतो. आणि आपल्याला सोपं जातं हो! बाकीच्या पोरींना टायमिंग जमत नाही, मला पहिल्याच दिवशी जमलं. सुपरवायझर म्हणाले, तुझ्या पायात रिदम आहे."

मी फोन ठेवला आणि हातोडी खाली ठेवली. कारण तिच्या पायात लय आहे, हे त्या सुपरवायझरला आज कळलं असेल, पण ती तिथे घातली कुणी? मी घातली. अनेक वर्षं, दर रविवारी, जीव ओतून घातली.

लोक मला विचारतात, सर, शास्त्रीय संगीताचं पुढे कसं व्हायचं हो? लग्नात विचारतात, बँकेच्या रांगेत विचारतात. विचारताना चेहरा असा करतात, जणू घरात कुणी आजारी आहे. मी पण तसाच चेहरा करतो आणि म्हणतो, बघू या. काय सांगणार? माझ्याकडे येणाऱ्या दहा पालकांतले नऊ दारातच विचारतात, "दहावीला किती मार्क वाढतात?" एका आईने तर सरळ तुलनाच मांडली, "तबल्याला जास्त की चित्रकलेला? कारण चित्रकला घरी बसून होते." मला राग येत नाही. मार्कांसाठी का होईना, पोरगं दारात तर आलं. ते धा म्हणायला लागलं की पुढचं मी बघून घेतो.

एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेतही मी जातो. तिथे मी शिक्षक नाही, 'अॅक्टिव्हिटी सर' आहे. आठवड्यातून एक तास. त्यात मुलं रांगेत येईपर्यंत, बूट काढेपर्यंत आणि "सर, पाणी प्यायला जाऊ?" संपेपर्यंत घंटा होते. स्नेहसंमेलन जवळ आलं की मॅडम प्रेमाने बोलावतात आणि सांगतात, "सर, थोडं क्लासिकल ठेवाच हं. सुरुवातीला, दोन मिनिटं. बरं दिसतं." म्हणजे नारळ फोडतात तसं. नारळ फुटला की पडद्यामागून धडाधड स्पीकर सुरू, आणि आम्ही आमचा तबला-डग्गा काखोटीला मारून बाजूला.

तर सगळ्यांना भीती वाटते की हे टिकणार नाही. मला ती भीती कधीच वाटली नाही, खरं सांगतो. माझी भीती उलटी आहे. ते ज्याच्या अंगात एकदा भिनतं त्याच्या अंगातून जात नाही, याची मला भीती वाटते. हसू नका. मी त्या भीतीत एक अख्खा हिवाळा काढला आहे.

त्या हिवाळ्यात मी रोहिणीच्याच वयाचा होतो आणि अण्णांकडे शिकत होतो. माझे गुरू. माळीवाड्यात एका किराणा दुकानाच्या माडीवर त्यांचा क्लास होता. खालून गूळ-मिरचीचा वास यायचा आणि वर आम्ही ठसकत ठसकत वाजवायचो. अण्णांची शिकवण्याची एक पद्धत होती, जी मी दुसऱ्या कुणाकडे पाहिली नाही. नवीन मुलाला ते तबल्याला हातच लावू द्यायचे नाहीत. बाकावर बसवायचे. तोंडाने बोल म्हणायचे, हाताने टाळी द्यायची, आणि पायाने, उजव्या पायाच्या चवड्याने, एकेक मात्रा जमिनीवर टेकवत राहायची. "हात चुकेल," अण्णा म्हणायचे, "तोंड चुकेल. डोकं तर काय, चुकायलाच बसलेलं आहे. पण पाय चुकता कामा नये. लय पायात ठेव, दत्ता, म्हणजे ती सांभाळावी लागत नाही."

आणि खरंच, काही महिन्यांनी ती सांभाळावी लागेनाशी झाली. एसटीत पाय चालायचा, हॉटेलात भजी येईपर्यंत चालायचा. गावी जेवायला बसलो की आई ओरडायची, "दत्त्या, पाय हालवू नगं, घरात दळिद्री येती!" मी पाय दाबून धरायचो आणि दोन घासांनंतर तो पुन्हा सुरू. तालाच्या पहिल्या मात्रेला सम म्हणतात. सगळं फिरून जिथे यायचं ती जागा. समेवर पाय असा पडायचा की मी विचारसुद्धा केलेला नसायचा. अण्णा खूश होते. मीही खूश होतो. मग मी नागापूरला प्रेसवर लागलो.

पहाटे माडीवर रियाज, मग सायकल हाणत नागापूर. थंडीने बोटं लाकडासारखी झालेली असायची, ती शेडच्या दारात टायर पेटवून बसलेल्या वॉचमनच्या शेकोटीवर शेकायची आणि आत जायचं. आत गेल्यावर आधी आवाज यायचा. तो कानाने ऐकावा लागत नसे, जमिनीतून गुडघ्यात चढायचा. ओळीने प्रेस उभ्या, प्रत्येकीसमोर एक माणूस, आणि प्रत्येकाची नजर साच्यावर. पॅडलवर पत्र्याचं झाकण असायला हवं, ते काढून कोपऱ्यात टाकलेलं, कारण झाकण असलं की पाय पटकन जात नाही आणि काम मागे पडतं. माझ्या शेजारच्या मशीनवर भानुदासमामा होते, पाथर्डीकडचे. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्ध्यातच संपली होती. पहिल्याच दिवशी त्यांनी ती माझ्या नाकासमोर धरली आणि म्हणाले, "ही बघून घे. रोज सकाळी बघत जा."

मी रोज सकाळी बघायचो. तबला वाजवणाऱ्याला बोटं म्हणजे काय, हे मी कुणाला सांगायची गरज नाही. तुकडा ठेवताना माझी मान आखडायची. हात बाहेर आला की मी त्याच्याकडे बघायचो, आहे ना सगळा, आणि मगच पाय दाबायचो. साहजिकच माझं काम सगळ्यांत हळू. रात्री झोपताना उजव्या हाताची बोटं डाव्या मुठीत धरून झोपायचो, लहान पोर आईचा पदर धरून झोपतं तसा. परीक्षा जवळ आलेली. विशारद झालो की शाळेत संगीतशिक्षक म्हणून लागण्याची आशा होती. या बोटांवर सगळं होतं, आणि तीच बोटं मी दिवसभर साच्यात घालून काढत होतो.

पण कानाला खोड असते. दोन आवाज सारख्या अंतराने आले की तो तिसऱ्याची वाट बघतो. त्या सगळ्या प्रेस आपापल्या तालात आदळायच्या, कुणाचा कुणाला मेळ नाही, आणि तरी अधूनमधून, घटकाभर, सगळं जुळून यायचं. धाड धाड. अंगावर काटा यायचा. मी मान झटकायचो आणि पाढे म्हणायचो, सतरा आणि एकोणीसचे, कारण ते मला नीट येत नव्हते.

एक दिवस मला भीती वाटली नाही. त्या हंगामातला तसा तो एकच दिवस. सकाळी अण्णांनी एक तिहाई दिली होती. तिहाई म्हणजे एकच बोल तीनदा म्हणायचा, आणि तिसऱ्या वेळचा शेवटचा धा नेमका समेवर पडला पाहिजे. ही तिहाई अशी अवघड होती की समेच्या अलीकडे तोंडघशी पाडायची. सकाळभर मी पडत राहिलो. आणि दुपारी, मशीनसमोर, ती मनातल्या मनात अचानक सुटली. अहाहा! काय तो आनंद. मी पुन्हा म्हटली, पुन्हा बरोबर. हात तुकडे ठेवत होते, काढत होते, आणि मी वेगळ्याच जगात. तिसऱ्यांदा म्हणत होतो. शेवटचा धा आला. समेवर माझा पाय पडला.

पाय पॅडलवर होता. हात साच्यात होता.

हातमोजा मला ढगळ होता. आधीच्या कुणा आडमाप माणसाचा. त्याची पुढची टोकं रिकामीच लोंबायची. साचा वर गेला तेव्हा मोज्याची दोन टोकं पत्र्याबरोबर सपाट होऊन साच्यातच राहिली होती. माझी बोटं त्यांच्या मागे होती. सगळी होती. मला ते कळायला वेळ लागला, कारण मी खाली बघायला तयार नव्हतो.

"हात बघू! आरं हात बघू तुझा!" भानुदासमामांनी माझं मनगट धरून मोजा ओढून काढला. बोटं बघितली, उलटसुलट करून बघितली, आणि मग माझ्या पाठीत एक जोरात धपाटा घातला. "काय चाललं हुतं रं तुझं? कुटं गेल्तास?"

"बोल म्हणत होतो मामा. मनात."

मामांनी मोजा माझ्या हातात कोंबला. "मशीनीम्होरं बोल नगं रं बाबा," ते हळू आवाजात म्हणाले. "भजन बी नगं. मी माळकरी मानूस, पर हितं आलो का इठ्ठलाचं नाव बी घेत न्हाई. बाहीर गेल्यावर घेतो."

दुसऱ्या दिवशी मी अण्णांसमोर बसलो, तर पाय हलेना. अण्णांनी ठेका धरला, मी बोल म्हणू लागलो, आणि पाय दगड. "पाय कुठाय?" अण्णा म्हणाले. मी पिशवीतून तो मोजा काढून त्यांच्यासमोर ठेवला आणि काय झालं ते सांगितलं. अण्णांनी मोजा हातात घेतला नाही. माझा हात घेतला. एकेक बोट मुळापासून टोकापर्यंत दाबत गेले, बाजारात शेंगा भरलेल्या आहेत का बघतात तसे. करंगळीपर्यंत पोचले की पुन्हा अंगठ्यापासून सुरू करायचे. अण्णा घाबरलेत हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि त्याने माझी भीती दुप्पट झाली.

"अण्णा, हे पायातून काढता येईल का?" मी विचारलं.

"घालायचं कसं ते मला शिकवलंय," अण्णा म्हणाले. "काढायचं कसं ते कुणी शिकवलं नाही रे."

मग मीच उपाय शोधला. उजव्या बुटात खडा. चांगला टोकदार, खडी फोडलेल्या जागेवरून उचललेला. पाय हलला की तो टोचायचा, आणि टोचला की कळायचं, आपण मशीनसमोर आहोत. लंगडत लंगडत मी तो हंगाम काढला. परीक्षेला अनवाणी बसलो, तर पाय खडा शोधत राहिला. परीक्षक म्हणाले, "हात उत्तम आहे. घाबरता कशाला एवढं?" पास झालो, पुढच्या जूनमध्ये एका शाळेत लागलो, आणि नागापूरच्या रस्त्याला त्यानंतर कितीतरी दिवस फिरकलो नाही. सुटलो, म्हणा.

तेव्हा तबल्याने मला प्रेसवरून सोडवलं. आता बघा. रोहिणी माझ्याहून चांगली वाजवते. हे मी गुरू म्हणून नाही, कानाने सांगतो. तीन-चार शाळांत ती मुलाखतीला जाऊन आली. "की-बोर्ड येतो का? डान्स बसवता येईल का? तबला काय, मोबाईलवर वाजतो ना." संगीतशिक्षकाची जागाच उरलेली नाही, माझ्यासारखे तासाला येऊन जाणारे 'सर' तेवढे उरले. इतकी वर्षं शिकलेल्या मुलीला तिच्या लयीबद्दल पहिल्यांदा कामाची शाबासकी मिळाली ती कुठे, तर पॉवर प्रेससमोर. शिक्षणातल्या परंपरेच्या स्थानाबद्दल कुणी परिसंवादात बोलायला लागलं की मला आता तो सुपरवायझर आठवतो. त्याला कळलं होतं हो, लय कशाला उपयोगी पडते ते.

त्या रविवारी रोहिणी आली. परीक्षा तोंडावर होती. दारात तिने नमस्कारासाठी वाकून माझ्या पायांना हात लावला आणि मी आशीर्वाद द्यायचं सोडून तिच्या बोटांकडे बघत राहिलो. ती वाजवायला बसली. काय वाजवलं पोरीने! डग्ग्याचा घुमारा असा की खिडकीची काच थरारायची. क्लासमधली मार्कवाली पोरंसुद्धा मोबाईल खाली ठेवून ऐकत होती. मला मात्र धड ऐकू येत नव्हतं. मी तिचा पाय बघत होतो. मांडी घातलेल्या पायाचा चवडा पंजाबी ड्रेसखाली एकेक मात्रा मोजत होता, अचूक.

बाकीची मुलं गेल्यावर ती डबीतला शेंगदाण्याचा लाडू माझ्यासमोर ठेवत म्हणाली, "सर, एक गंमत सांगू? आमच्या लाइनीतल्या मशीनी ना, मधूनच आपोआप झपतालात येतात. मग मी त्यावर मनात तुम्ही शिकवलेल्या कायद्याचे बोल म्हणते. वेळ कसा जातो कळतच नाही."

मी लाडू बाजूला सारला आणि तिला सगळं सांगितलं. मोजा, मामांचा धपाटा, खडा, सगळं. इतक्या वर्षांत मी हे बायकोशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग हसली. मला धीर द्यायला हसली असावी.

"नाही हो सर, मी नाही चुकणार. तुम्हीच म्हणता ना, पाय चुकत नाही."

"अगं तेच तर!" मी ओरडलो. मी सहसा ओरडत नाही. "पाय चुकत नाही! तो समेवर पडणारच. त्या वेळी तुझा हात कुठे आहे, हे त्याला माहीत नसतं, रोहिणी. सोड ते काम."

"सोडून काय करू सर?"

तिने वाद घालायला विचारलं नव्हतं. साधंच विचारलं, उद्या क्लास किती वाजता असं विचारावं तसं. बाहेर ऊस भरलेला एक ट्रॅक्टर गाणं लावून गेला, आणि ते संपेपर्यंत आम्ही दोघं लाडवाकडे बघत बसलो.

"पॅकिंगमध्ये परत जाता येईल?" मी म्हणालो.

"आता नाही घेणार. तिथं नवीन पोरगी आली."

"बुटात खडा घाल मग."

"सेफ्टी शूज असतात सर, जाडजूड. खडा घातला तर पायच बसायचा नाही आत." मग थोड्या वेळाने, हळूच, "सर, मला पण आता भीती वाटायला लागली."

मी तिला बाकावर बसायला सांगितलं. तोच बाक, ज्यावर ती लहान असताना मी अण्णांच्याच पद्धतीने तिच्या पायात लय घातली होती. तिला म्हटलं, इथून शिफ्टला जाणार म्हणून आणलेले ते जाड बूट पिशवीत आहेत ना, ते घाल. मी मोबाईलवर लेहरा लावला. साथीला पेटीवर एकच सुरावट फिरत राहते ती. "मी बोल म्हणणार," मी म्हणालो, "आणि तू पाय हलवायचा नाही. चवडा वर धरून ठेवायचा. समेला पडला नाही पाहिजे."

पहिल्या आवर्तनाला तिला हसू आलं आणि पाय पडला. दुसऱ्याला हसू आलं नाही, तरी पडला. तिने दोन्ही हातांनी गुडघा धरून ठेवला, तरी चवडा खाली आलाच. मी चिडलो, ती कावरीबावरी झाली. मी मुद्दाम बेताल म्हणून बघितलं, तर मला जमेना. इतक्या वर्षांच्या तोंडाला एक मात्रा गाळता येईना, आणि माझा स्वतःचा पाय तिकडे खुशाल चालू. अण्णांचे शब्द आठवले आणि मला इतकं एकटं वाटलं की काय सांगू. घालायचं कसं ते अण्णांना आणि मला, दोघांनाही येत होतं.

मग मी जमिनीवर बसलो आणि माझा उजवा हात तिच्या बुटाखाली, फरशीवर पालथा ठेवला.

"सर!" ती किंचाळली. "सर, हात काढा! पाय लागेल तुम्हाला!"

गुरूला चुकून पाय लागला तरी आमच्याकडे मुलं तीनतीनदा नमस्कार करतात. वाद्याला लागला तर डोळ्यांत पाणी येतं. आणि मी तिच्या लोखंडी टोकाच्या बुटाखाली हात ठेवून बसलो होतो. भित्रा माणूस मी, सांगितलं ना.

"हा साचा," मी म्हणालो. "हात आत आहे. पाय वर धर."

मी तिहाई सुरू केली. तीच, अण्णांची. शेवटचा धा आला आणि बूट खाली आला. फार जोरात नाही, तिने अर्ध्यावर सावरला, पण करंगळी सापडली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. रोहिणी बाकावरून उतरून माझ्या पायांवर डोकं ठेवून रडायला लागली. "नको सर, नको ना. तुमचा हात..." मी तिला उठवून पुन्हा बसवलं. करंगळी लाल होऊन टरारली होती. मी हात पुन्हा तिथेच ठेवला.

लेहरा फिरतच होता. मी बोल म्हणायला लागलो. डोक्यावर तिचा श्वास जोरजोरात चालला होता. एकदा झालं. दुसऱ्यांदा झालं. तिसऱ्याला मी डोळे मिटून घेतले. बुटाचा तळवा बोटांच्या वर, केसाएवढ्या अंतरावर, थरथरत होता. धा.

सम आली आणि गेली. माझ्या बोटांवर काहीही पडलं नाही.

"जमलं सर," रोहिणी म्हणाली. ती अजून रडत होती.

ज्या मुलाचा पाय समेवर पडला नाही त्याला मी आयुष्यभर उठवून घरी पाठवत आलो. "जमलं," मी म्हणालो. हात मी काढला नव्हता.

"पुन्हा," म्हणालो.